घराची पूर्ण किंमत आधी लिहून घ्या

सावंगी (मेघे) इथं घर बघायला निघालं की जो तो एकच आकडा सांगतो. फ्लॅट असेल तर इतके लाख, प्लॉट असेल तर फुटाला इतके रुपये. वर्ध्याला लागून असलेलं हे गाव मेडिकल कॉलेज आणि दवाखान्यामुळे वाढत गेलं. बाहेरगावाहून आलेली आमच्यासारखी नोकरदार माणसं आधी इथं भाड्यानं राहतात आणि पुढे इथंच घर करायचं ठरवतात. आमचंही घर झालं, त्यात आम्ही समाधानानं राहतो. पण पहिल्या दिवशी सांगितलेली रक्कम आणि शेवटी मोजलेली रक्कम यांत एवढं अंतर पडलं, की यजमानांना पीएफमधून पैसे काढावे लागले. हे अंतर नेमकं कुठे पडतं, ते घर घेणाऱ्या प्रत्येकाला आधी कळलं पाहिजे. म्हणून हे लिहिते आहे.

टोकन दिल्यानंतर आमच्या हातात एक कागद आला. वर 'इतर खर्च' असं लिहिलं होतं आणि खाली ओळीनं पार्किंग, मीटर व ट्रान्सफॉर्मरचा वाटा, विकास शुल्क, वकिलाची फी, दोन वर्षांची आगाऊ देखभाल आणि 5 टक्के जीएसटी. "ताई, हे तं सगळ्यांलेच लागते," बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला. "भाऊ, सगळ्यांनाच लागतं तर किंमत सांगतानाच का नाही सांगितलं?" यजमानांनी विचारलं. उत्तर मिळालं नाही. आम्ही तो कागद घरी आणला आणि एकेका ओळीची चौकशी केली.

आधी जीएसटीची ओळ घेतली. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे 5 टक्के कर आहे; पण आमच्यासारख्या गावात घराची एकूण किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र, म्हणजे घरातली वापरायची जागा, 90 चौरस मीटरपर्यंत असेल, तर ते परवडणाऱ्या घरांत मोडतं आणि दर 1 टक्का लागतो. 30 लाखांच्या घरावर हा फरक 1 लाख 20 हजारांचा. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या तयार घरावर तर हा करच नाही. आमचं घर 1 टक्क्यात बसत होतं. नियम दाखवल्यावर ती ओळ दुरुस्त झाली.

मग पार्किंगची ओळ. इमारतीखालची उघडी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली नहालचंद लालूचंद खटल्यात दिला आहे. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातही उघडं पार्किंग सामाईक जागेत धरलं आहे. तीही ओळ खोडली गेली. बाकीच्या ओळी मात्र आम्हाला भराव्या लागल्या, कारण त्या द्यायच्या की नाहीत याबद्दल तोवर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. तोंडी बोलणं बोलणाऱ्याच्या सोयीनं फिरतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे: टोकन देण्याआधी सगळ्या खर्चांची बेरीज सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि 'याव्यतिरिक्त काहीही घेतलं जाणार नाही' हे वाक्य त्यात असू द्या.

आता बाकीच्या खर्चांकडे क्रमानं येते.

सरकारी खर्च. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारी किंमत, यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. म्हणजे घासाघीस करून घर स्वस्तात मिळालं तरी शुल्क कमी होईलच असं नाही. रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत शुल्काचे दर वेगवेगळे आहेत, म्हणून वर्ध्यातल्या ओळखीच्या माणसाचा आकडा सावंगीला जसाच्या तसा लावू नका. दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. राहण्याचं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. घर 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते.

बँकेचा खर्च. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. सूट आहे ती फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांना. म्हणजे वरचे 10 टक्के आणि कागदपत्रांचा सगळा खर्च रोखीनं आपल्याच खिशातून जातो. आमची ओढाताण झाली ती नेमकी इथं. त्यावर प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखताचं शुल्क हे वेगळंच. 1 ऑक्टोबर 2024 पासून गृहकर्जासारख्या प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जासोबत बँकेनं सगळे आकार एकत्र दाखवणारं मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक आहे. ते मागून घ्या आणि दोन बँकांची पत्रकं शेजारी ठेवून वाचा. कर्जाबरोबर विम्याचा हप्ता जोडला असेल तर तो वेगळा दाखवायला सांगा. तो कर्जातच मिसळला की त्यावरही वर्षानुवर्षं व्याज भरत राहावं लागतं.

क्षेत्रफळ. समजा, 1000 फूट 3 हजारांच्या दरानं 30 लाखांना घेतलं आणि घरातली वापरायची जागा 700 फूटच निघाली. मग खरा दर 4,285 रुपयांच्या वर जातो. करारात कार्पेट क्षेत्र लिहिलेलं हवं. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका 8 पेक्षा जास्त, अशा दोन्ही गोष्टी असतील तर प्रकल्पाची महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. सावंगीत लहान इमारती पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काही या मर्यादेच्या खाली राहतात. तिथं तर आपला करार वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी. माझ्या दिरांनी प्लॉट घेऊन घर बांधलं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया कठीण मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. ठेकेदाराचा फुटाचा दर ठरावीक खोलीपर्यंतचाच होता. त्याखालचं खोदकाम, लोखंड, सिमेंट आणि जोत्यात भरायचा मुरूम या सगळ्याचे पैसे वेगळे लागले. म्हणून सौदा पक्का करण्याआधी एक खड्डा खणून माती किती खोल आहे ते बघा, आणि जास्तीच्या खोलीचा दर ठेकेदाराकडून लिहून घ्या. शेजारच्यांना विचारा की एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या बोअरला पाणी राहतं का. राहत नसेल तर टँकर हा दर उन्हाळ्याचा खर्च आहे.

कागदही तितक्याच काळजीनं बघा. अकृषिक आदेश, मंजूर लेआउट, सातबारा, फेरफार आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8, ही कागदपत्रं मूळ बघून झाल्याशिवाय पैसे देऊ नका. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल, म्हणजे जमिनीच्या विक्रीवर सरकारी निर्बंध असतील, तर परवानगी आणि नजराणा यांचा प्रश्न येतो. विनोबांच्या या जिल्ह्यात भूदानाच्या जमिनीही आहेत. त्या विकता येत नाहीत, म्हणून 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. जुनं घर घेत असाल तर घरटॅक्स, पाणीपट्टी आणि वीजबिलाची थकबाकी नाही असे दाखले विकणाऱ्याकडूनच घ्या.

ताबा घेताना. देखभालीचे आगाऊ पैसे कशावर खर्च होणार आणि उरले तर सोसायटीकडे कधी जमा होणार, ते लिहून घ्या. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, म्हणून गळती किंवा भेग दिसताच लेखी कळवा आणि पोच घ्या. दारं-खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, ओटा, इन्व्हर्टर यांसाठी थोडी रक्कम पहिल्यापासून बाजूला ठेवा, नाहीतर ती हातउसनी घ्यावी लागते.

आपल्याकडे मोठ्या सौद्यात फार विचारलं तर समोरच्याला वाईट वाटेल, असं पुष्कळांना वाटतं. विशेषतः बायका कागद मागायला संकोचतात आणि पुरुष 'बघू नंतर' म्हणून सही करतात. आयुष्यभराची कमाई एका सहीत जाते आणि पुढची वीस वर्षं हप्ता आपणच भरणार असतो. म्हणून विचारणं हा आपला हक्क आहे. एका कोऱ्या कागदावर घर, सरकार, बँक, बांधकाम आणि ताबा अशी पाच शीर्षकं लिहा, प्रत्येकाखाली आकडा भरून घ्या, आणि एकही रकाना रिकामा असेपर्यंत टोकन देऊ नका. ज्याचा व्यवहार चोख आहे तो हा कागद आनंदानं भरून देईल. जो टाळेल, त्याच्याकडचं घर कितीही आवडलं तरी पुढचं घर बघा.