निघण्याआधीच्या तीन रात्री

कठोपनिषदाच्या सुरुवातीचा एक तपशील आपण वाचताना पटकन ओलांडून जातो. नचिकेत यमाच्या दारी पोहोचतो, तर यम घरीच नाही. तीन रात्री तो उपाशी थांबतो. पुढचे तीन वर, आत्मविद्या, हे सगळं प्रसिद्ध आहे. पण त्या तीन रात्री त्याच्या मनात काय चाललं असेल, हे उपनिषद सांगत नाही. मला सध्या त्यांचंच जास्त चिंतन होतंय, कारण आमच्या घरातही एक जण अशीच दाराशी थांबली आहे.

माझी मामेबहीण पुण्यात एम.एस्सी. फिजिक्स करते. या उन्हाळ्यात ती जिनिव्हाजवळच्या सर्नला समर स्टुडंट म्हणून चालली आहे. सकाळी व्याख्यानं, उरलेल्या वेळात एखाद्या गटाबरोबर प्रत्यक्ष काम, असा तिथला क्रम असतो. निवड झाल्याचा ईमेल आला त्या दिवशी घरभर पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवसापासून भीती सुरू. "दादा, तिथे सगळ्या जगातून मुलं येणार. मला काहीच येत नाही असं झालं तर?"

आता गंमत बघा, नचिकेताकडेही काही तयारी नव्हती. होती ती फक्त प्रश्नांची. आणि एक गुण होता, जो मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. यमाने अग्निविद्या शिकवली, विटा कोणत्या, किती, कशा रचायच्या ते सांगितलं, आणि या मुलाने ते सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. यम इतका खूश झाला की त्या अग्नीला त्याचंच नाव दिलं. म्हणजे तिथे कौतुक झालं ते आधीच्या हुशारीचं नाही, नीट ऐकण्याचं. आमच्या ऑफिसात नवीन मुलं येतात तेव्हा मी हेच बघतो. जो ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घेतो, तो दोन महिन्यांत सगळ्यांच्या पुढे असतो.

म्हणून आम्ही दर शनिवारी रात्री बसतो. तिथे प्रयोगांच्या डेटाचं विश्लेषण करायला रूट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते सर्नमध्येच तयार झालं आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे. मी पॉइंटर समजावतो, ती मला परत समजावते. मग ती मला कोलायडर शिकवते. 27 किलोमीटरचं वर्तुळ, जमिनीखाली साधारण 100 मीटरवर. त्यात प्रत्येकी 15 मीटर लांबीचे 1232 मुख्य चुंबक, आणि ते उणे 271 अंशांपर्यंत थंड केलेले. हे अवजड चुंबक ज्या जॅकवर अगदी अचूक बसवले आहेत, ते जॅक भारताने पुरवलेले, सात हजारांहून जास्त. हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच झालो. आपल्याकडून तिथे गेलेली ती काही पहिली नाही, वजन उचलणारे आधीच पोहोचले आहेत.

1924 मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना आपला निबंध पाठवला, तेव्हा जर्मनीत त्यांना कोण ओळखत होतं? आइन्स्टाइन यांनी स्वतः तो जर्मनमध्ये अनुवादित करून छापवून आणला. बोस त्याच वर्षी युरोपला शिकायला गेले. 4 जुलै 2012 रोजी सर्नने ज्या हिग्ज बोसॉनची घोषणा केली, त्यातला बोसॉन हा शब्द त्यांच्याच आडनावावरून आलेला. (आणि हो, सर्नच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे, 2004 मध्ये भारत सरकारने भेट दिलेली. व्हॉट्सॲपवर तिच्याबद्दल फिरणारे बरेच मेसेज मात्र सोडून द्या.)

खरा पेच वेगळाच आहे. तिच्या हातात एका कंपनीची ऑफर आहे, पगार चांगला. सर्नहून परत आल्यावर संशोधन की नोकरी, हे तिला ठरवायचं आहे. यमाने नचिकेतापुढे हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य सगळं मांडलं होतं. तो नाही म्हणाला. पण मी हे उदाहरण तिच्यापुढे ठेवत नाही. नचिकेताला घरचं कर्ज फेडायचं नव्हतं, तिच्या घरी आहे. नोकरी घेतली तर ती काही मोहाला बळी पडली असं मी म्हणणार नाही.

मी तिला दाखवला तो पहिला वर. अग्नी नाही, मृत्यूचं रहस्य नाही. मुलाने सगळ्यात आधी काय मागितलं? वडिलांचा राग शांत होऊ दे, मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला ओळखून आनंदाने बोलावं. एवढ्या मोठ्या गुरूच्या दारात उभं राहून पहिली आठवण घराची! ज्ञानाला निघालेल्याने घराचा ओढा तोडलाच पाहिजे, असं उपनिषद कुठे म्हणतंय?

मामा निवडीच्या दिवसापासून जरा गप्पच होते. रागावलेले नव्हते, पण ऑफरचा विषय निघाला की उठून जायचे. हा वर वाचल्यावर तिने त्यांच्याजवळ बसून पैशांचं सगळं सांगितलं. तिथे राहण्याजेवणासाठी भत्ता मिळतो, कंपनीला उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे, आणि तोवर ती काहीच ठरवणार नाही. मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे किती? साडेअकरा, ती म्हणाली. काल बघितलं तर त्यांनी मोबाईलवर दुसरं घड्याळ लावून घेतलंय.