बदलीचे गाव आणि राहण्याचा मोहल्ला

बँकेत नोकरी धरली की बदली ही आलीच. आदेश हाती पडतो, आठ-दहा दिवसांत नव्या शाखेत हजर व्हावे लागते आणि घर शोधण्याचे काम दोन रविवारांत उरकले जाते. त्या घाईत आपण खोल्या मोजतो, फरशी पाहतो, नळ सोडून बघतो, भाडे विचारतो. ज्या रस्त्यावर ते घर उभे असते, तो रस्ता मात्र एकदाच, तोही दिवसाउजेडी पाहिलेला असतो. रायपूरला बदली झाल्यावर मीही हेच केले. आपल्या ग्राहकांपैकीही पुष्कळजण नोकरी-व्यवसायानिमित्त गाव बदलत असतात. म्हणून त्या चुकीतून जे शिकलो ते येथे मांडत आहे.

पहिले घर रिंग रोडच्या पलीकडे, नव्या वसाहतीत घेतले. प्रवेशद्वारावर कमान, आत सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणभिंती. शांत, स्वच्छ, आणि जुन्या शहरापेक्षा भाडे दोन हजारांनी कमी. हमरस्त्यापासून आमच्या दारापर्यंत चारेकशे पावलांचे अंतर होते. त्या वाटेवर विजेचे अकरा खांब होते. दिवा लागे तिघांचा. हे मला कळले ते मार्चअखेरच्या कामामुळे रात्री उशिरा परतू लागल्यावर. पत्नीला त्याआधीच कळले होते. एका संध्याकाळी ती मुलीला शिकवणीवरून घेऊन येत असताना मोटारसायकलवरची दोन मुले वाटभर त्यांच्या मागे सावकाश येत राहिली. ती काही बोलली नाहीत, त्यांनी काही केलेही नाही. पण आत शिरावे असे एकही उघडे दार, थांबावे असे एकही दुकान त्या वाटेवर नव्हते. त्यानंतर आमचे घर सहा वाजताच बंद होऊ लागले. मुलीचे सायंकाळचे खेळणे थांबले. पोलिसांत सांगावे असे काही घडले नव्हते, आणि तरीही दोघींच्या आयुष्यातून रोजचे तीन तास वजा झाले होते.

शांतता म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण आपण सहसा तपासून पाहत नाही. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात त्यालाच आव्हान दिले. न्यूयॉर्कमधील ज्या हडसन स्ट्रीटवर त्या राहत, तेथील दुकानदार, दारात उभे राहणारे शेजारी, येणारे-जाणारे यांच्या सहज नजरेतून रस्त्यावरचा बंदोबस्त आपोआप राखला जातो, पोलीस हा त्यानंतरचा भाग, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यासाठी रस्त्यावर दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी वेगवेगळ्या कामांसाठी माणसे यावी लागतात. केवळ घरेच घरे किंवा केवळ कचेऱ्याच कचेऱ्या असल्या की काही तास रस्ता ओसाड पडतो. न्यूयॉर्कचे सगळेच आपल्याकडे लागू पडत नाही. पण आपल्या जुन्या पेठांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते, इतके मात्र खरे.

रायपुरात पेठेला ‘पारा’ म्हणतात. (मे महिन्यात मराठी माणसाला दुसराच पारा आठवतो, येथे तो ४५ अंशांपर्यंत चढतो.) बूढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा ही जुन्या शहरातील नावे. तात्यापारा म्हटले की मराठी कान टवकारतात. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. त्या शे-दोनशे वर्षांत मराठी कुटुंबे येथे रुजली, आणि १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत आजही कार्यरत आहे. नवख्याने पहिल्या आठवड्यात तेथे एक फेरी जरूर मारावी. कोणत्या गल्लीत पावसाचे पाणी साचते, कोणता घरमालक अनामत रक्कम वेळेवर परत करतो, ही माहिती जाहिरातींत मिळत नाही.

दहा महिन्यांनी आम्ही जुन्या शहराच्या कडेला राहावयास आलो. खोल्या लहान, जिना अरुंद, गाडी लावण्याची रोजची कसरत. पण खाली किराणा दुकान, समोर शिंपी, कोपऱ्यावर पानठेला, संध्याकाळी गुपचूपची गाडी (आपली पाणीपुरी), आणि वरच्या मजल्यावर घरमालकांचे कुटुंब. समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या आजींनी तिसऱ्याच दिवशी मुलीला ‘नोनी’ म्हणून हाक मारली. छत्तीसगढीत मुलीला नोनी म्हणतात. पुढे एकदा मुलीला शाळेतून यायला उशीर झाला, तेव्हा ‘नोनी अजून आली नाही का?’ असे विचारायला आजी आमच्याआधी जिना चढून आल्या होत्या. अशा शेजाराला थोडी किंमतही मोजावी लागते. आपल्याकडे कोण आले, किती वाजता आले, हे साऱ्यांना ठाऊक असते. माझ्या पत्नीला ते सुरुवातीला जाचले. आता ती म्हणते, काळोख्या चारशे पावलांपेक्षा हे बरे.

हिशेबही मांडून पाहिला. जुन्या घरी भाड्यात वाचणारे दोन हजार रुपये पेट्रोल, रिक्षा आणि प्रत्येक लहानसहान वस्तूसाठीच्या फेऱ्या यांतच संपत होते. भाडे आणि प्रवासखर्च एकाच ओळीत मांडल्याशिवाय घर स्वस्त की महाग, हे ठरवू नये.

तथापि वर्दळ आणि जिवंतपणा यांत गल्लत होऊ देऊ नये. रेल्वे स्थानकाजवळ रात्रभर माणसे असतात, पण ती एकमेकांना ओळखत नाहीत. शिवाय वर्दळ जागाही बदलते. रायपूरचे आंतरराज्य बसस्थानक २०२१ साली पंडरीहून भाटागावला गेले. केवळ बसस्थानकाच्या भरवशावर ज्याने पंडरीत घर घेतले असेल, त्याच्या दारासमोरचे चित्र पालटले. उलट नवा रायपूर पाहा. मंत्रालयाचे कामकाज २०१२ साली तेथे गेले, रस्ते प्रशस्त आहेत, झाडी आहे. पण तेथील अनेक रस्ते अजून कचेरीच्या वेळेशी बांधलेले आहेत. कचेऱ्या सुटल्या की ते रिते होतात. तेथे घर घ्यावयाचे असल्यास सगळा परिसर एका मापाने न मोजता, आपल्या सेक्टरमध्ये किती घरांत रात्री दिवे लागतात, ते प्रत्यक्ष मोजावे.

म्हणून घर एकदा नव्हे, तीनदा पाहावे. सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नवानंतर. रात्रीची भेट सर्वांत महत्त्वाची. त्या वेळी रस्त्यावर केवळ पुरुषांची टोळकी आहेत, की भाजी घेऊन परतणाऱ्या स्त्रिया, सायकलवरून येणाऱ्या मुलीही आहेत, हे पाहावे. घरांच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात की नुसत्या भिंती दिसतात? औषधाचे दुकान किती वाजता बंद होते? रायपूरच्या उत्तरेला उरला व सिलतरा येथे पोलादाचे आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्या बाजूला घर पाहताना गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवून पाहावे. बोट काळे झाले की दलालाला आणखी काही विचारण्याची गरज उरत नाही.

घर विकत घ्यावयाचे असेल तर आम्हा बँकवाल्यांचे आवडते काम येते, ते म्हणजे कागद पाहण्याचे. नगर तथा ग्राम निवेश विभागाची अभिन्यास-मंजुरी, शेतजमिनीचे निवासी वापरासाठी झालेले डायव्हर्शन, २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणी हे सारे कर्जप्रकरणात तपासले जातेच. ग्राहक बहुधा विचारत नाहीत तो प्रश्न वेगळाच आहे : वसाहत नगर निगमकडे हस्तांतरित झाली आहे काय? झाली नसेल तर रस्त्यावरचे दिवे, गटारे, झाडलोट ही विकासकाची किंवा रहिवाशांच्या समितीची जबाबदारी राहते. आणि शेवटचा भूखंड विकला गेला की विकासकाचा उत्साह मावळतो. आमच्या अकरा खांबांपैकी आठ का विझलेले होते, ह्याचे उत्तर मला पुढे एका गृहकर्जाच्या प्रकरणात, त्याच वसाहतीच्या कागदपत्रांत सापडले. भाडेकरूनेही हा प्रश्न विचारावा. तो विचारण्यास काही खर्च येत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा अर्ज घरमालक भरत नसेल, तर आपणच आग्रह धरावा.

राहता राहिला गोंगाट. गणेशोत्सवात आमच्या मोहल्ल्यात धुमाळाचे ढोल वाजू लागले की तावदाने थरथरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणांसाठी मर्यादित सवलतही आहे, आणि ती येथे उदारपणे वापरली जाते. विसर्जनाच्या झाँक्यांची रात्र तर सगळे जुने शहर जागून काढते. घरात परीक्षार्थी किंवा आजारी माणूस असेल, तर मिरवणुकीच्या मार्गापासून दोन गल्ल्या आत घर पाहावे.

ह्या वर्षी शाखेत दोन नवे सहकारी येत आहेत, त्यांपैकी एक भगिनी एकट्याच राहणार आहेत. त्यांच्यासाठी तीन घरे पाहून ठेवली आहेत. त्या रविवारी सकाळी पोहोचणार आहेत. घरे मात्र रात्री साडेनऊलाच दाखवीन, असे त्यांना कळविले आहे. सोबत माझी पत्नी येणार आहे, कारण रस्ता कसा पाहावा हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळते.