मंडळाची पुढची फळी

प्रश्न : जर्मनीतील नोंदणीकृत मराठी मंडळात तेच ते पदाधिकारी वर्षानुवर्षे राहतात. नवे नेतृत्व कसे घडवावे?

उत्तर : जर्मन नागरी संहितेनुसार ‘फेराइन’, म्हणजे सभासदांची संस्था, नोंदवण्यासाठी किमान 7 सभासद लागतात आणि तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार ‘फोरश्टांड’ या कार्यकारिणीकडे असतो, त्यामुळे येथील पद मानाचे असले तरी ते मुळात कायदेशीर जबाबदारीचे आहे, आणि तरुण सभासद मागे सरतात ते बहुधा या जबाबदारीच्या धास्तीनेच. विनावेतन पदाधिकाऱ्याला संस्थेच्या नुकसानीसाठी संस्थेला भरपाई द्यावी लागते ती केवळ हेतुपुरस्सर कृत्य वा घोर निष्काळजीपणा असल्यास, ही 2009 पासूनची सवलत इच्छुकांना आधीच समजावून सांगितली पाहिजे.

प्रशिक्षणाची सुरुवात खजिनदाराच्या टेबलापासून करणे इष्ट. मंडळाला करखात्याकडून सार्वजनिक हिताची संस्था म्हणून मान्यता असेल, तरच गणेशोत्सवाच्या देणगीची पावती करसवलतीसाठी ग्राह्य ठरते. ती जाणूनबुजून चुकीची दिल्यास पावती देणाऱ्यावर देणगीच्या 30 टक्के रकमेचे दायित्व येऊ शकते, हे भावी खजिनदाराने विद्यमान खजिनदाराशेजारी बसून, एका वर्षाचे हिशेब स्वतः लिहून शिकावे. भाषणकलेच्या शिबिरांचा उपयोग त्यामानाने थोडाच.

मुलांचे वर्ग चालवणाऱ्या युवकांसाठी ‘युलेइका’ हे युवानेत्यांचे अधिकृत ओळखपत्र आहे. त्यासाठी किमान 30 तासांचे प्रशिक्षण लागते. नॉयश्ट्रेलिट्झ येथे 2020 साली स्थापन झालेले स्वयंसेवाविषयक संघीय प्रतिष्ठानही पदाधिकाऱ्यांसाठी विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेते. मात्र ते जर्मन भाषेत असतात.