दिवा लाल का झाला?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आता पुष्कळ घरांत इंटरनेट आहे. पोरांचा अभ्यास त्यावर, नोकरीचा अर्ज त्यावर. अर्जाची शेवटची तारीख असावी आणि नेमके ते बंद पडावे! मग आपण पेटीवर थापा मारतो. त्याने काही होत नाही.

नळाला पाणी नसले, की आपण आधी काय पाहतो? नळ बिघडला, की टाकीच रिकामी? इथेही तसेच पाहावे.

घरात येते ती तार आतून काचेची असते. काचेचा धागा केसाएवढा बारीक. त्यातून उजेड धावतो. तार दुमडली, तर उजेड अडतो. पेटीवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकला, की समजा, उजेड पोचत नाही. तार कपाटाखाली दाबली गेली का, ते पाहा. पण तिचे टोक काढून डोळ्यापुढे धरू नका. तो उजेड दिसत नाही, तरी डोळ्याला इजा करू शकतो.

लाल दिवा नाही, फक्त आतल्या खोलीत चालत नाही? मग भिंत किंवा लोखंडी कपाट आड येते. आम्ही तार न ओढता पेटी कपाटामागून काढली, उंच फळीवर ठेवली. चालू लागले.

तार ठीक, तरी दिवा लालच? कंपनीला फोन करा. कोणता दिवा, केव्हापासून, ते सांगा. तक्रारीचा नंबर मागा आणि स्वतःच्या हाताने वहीत लिहा.