संख्याशास्त्राचें पहिलें पुस्तक कोणतें घ्यावें ?

समजा, ज्वारीचे दोन वाण एक एक एकराच्या पांच पांच तुकड्यांत पेरले. पहिल्याचें उत्पन्न 8, 9, 10, 11 व 12 क्विंटल आलें. दुसऱ्याचें 4, 7, 10, 13 व 16. दोहोंची सरासरी 10 च. केवळ सरासरी पाहणारा दोन्ही वाण सारखेच मानील. परंतु ज्यास सोसायटीचें कर्ज मुदतींत फेडावयाचें आहे, त्यास 4 क्विंटलांचा तुकडा बुडवील. हा भेद ओळखण्याची विद्या म्हणजे संख्याशास्त्र होय.

ती शिकूं इच्छिणाऱ्यानें आरंभीं मोठ्या नांवास भुलूं नये. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें शेतीप्रयोगांच्या आंकड्यांवर काम करीत असतां रोनाल्ड फिशर यांनीं 1925 सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ थोर खराच; पण तो संशोधकांसाठीं आहे. शेतकी कार्यकर्त्यांसाठीं पानसे व सुखात्मे यांनीं लिहिलेला 1954 सालचा इंग्रजी ग्रंथ क्षेत्रप्रयोगांस फार उपयोगी; तथापि ती पुढची पायरी होय.

पहिली पायरी घरांतच सांपडेल. मुलांच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत सांख्यिकीचें प्रकरण असतें. मध्य, मध्यक व बहुलक हीं तेथें मराठींतून नीट समजतात. त्यानंतर इंग्रजी जाणणाऱ्यांनीं फ्रीडमन, पिसानी व पर्व्ह्स यांचें 1978 सालीं प्रथम निघालेलें पुस्तक घ्यावें. त्यांत बीजगणित थोडें असून आरंभच प्रयोग कसा रचावा येथून होतो.

दुसरें कोणतेंही पुस्तक घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, सूत्रापूर्वीं उदाहरण दिलें आहे काय ? दुसरी, सरासरीबरोबर आंकड्यांचा फैलाव व नमुन्याची निवड यांचें विवेचन आहे काय ? तिसरी, अभ्यासास उदाहरणें देऊन शेवटीं उत्तरें दिलीं आहेत काय ? उत्तरांवांचून एकट्यानें शिकणारास आपली चूक कळत नाहीं.

शेवटची कसोटी दुकानांतच घ्यावी. प्रमाण विचलनाचें प्रकरण काढून दोनदां वाचावें व वरील दोन वाणांचा हिशेब मनाशीं करून पाहावा. पहिल्यापेक्षां दुसऱ्याचें विचलन तिप्पट कां, हें उमगलें तर पुस्तक घ्यावें. न उमगल्यास तें कितीही नांवाजलेलें असो, खालीं ठेवावें. पुस्तक घेतल्यावर मात्र पुस्तकांतील आंकड्यांवर न थांबतां आपल्या शेताच्या वहींतील आंकडे मांडावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.