ऑपरेशनआधीची मशागत



लूक 14:28 मध्ये प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो. काम हाती घेण्याआधी त्याने बसून हिशोब करायचा असतो. माजरी परिसरात आजाऱ्यांच्या भेटीला जाताना हा धडा मला वारंवार आठवतो. खुबा किंवा गुडघा बदलायचा ठरला की घरचे दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आणि तारीख कोणती? मदत करणारे आपणही तेवढेच विचारतो. तिसरा प्रश्न राहून जातो: हाड तयार आहे का?

नवा सांधा शेवटी रुग्णाच्याच हाडात बसवायचा असतो. हाड ठिसूळ असेल तर त्याची पकड कमी पडते. रक्त कमी किंवा साखर जास्त असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. पडून खुबा मोडला असेल तर मात्र वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी काही आठवडे हाती असतात. शेतकरी पेरणीआधी मशागत करतो, तसे ते वापरावेत.

1. तपासणी. हिमोग्लोबिन, साखर, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. ड जीवनसत्त्वाची पुडी मनाने घेऊ नये. जास्त झाली तर अपाय होतो.

2. सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बराच आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तरुणपणीच सांधा झिजतो. अशा रुग्णाने आपला आजार भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावा, भरपूर पाणी प्यावे आणि लोहाच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

3. आहार. मोठ्या माणसाला रोज साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध नसेल तर तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाता येणारे लहान मासे आहेत. सोबत डाळ व अंडी हवीत, कारण जखम प्रथिनांनी भरते.

4. खर्रा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळते. खर्रा, बिडी, दारू निदान चार आठवडे आधी बंद करावी. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावागावांत हाच विषय लावून धरला आहे.

5. ऊन आणि हालचाल. डॉक्टर परवानगी देतील तेवढे चालावे, मांडीचे व्यायाम करावेत, अंगावर ऊन घ्यावे.

काही आठवड्यांत ठिसूळ हाड पोलादी होत नाही. पण उणीव भरून निघते, आणि हाडाचे औषध सुरू झाले की ते ऑपरेशननंतरही चालू ठेवता येते.

म्हणून माझी विनंती अशी: ऑपरेशनला देणगी देताना त्याआधीच्या आठवड्यांचाही हिशोब धरा. तपासण्या, डाळ-अंडी, चंद्रपूर किंवा सेवाग्रामला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी. गरीब घरात तारीख चुकते ती बहुधा यामुळेच.

सहविचारासाठी:
• आपल्या मंडळीत कोणाचे ऑपरेशन ठरले आहे? त्यांच्या घरी रोज काय शिजते?
• खर्रा सोडणाऱ्याला सोबत कोण देईल?

प्रार्थना: हे प्रभू, दुखणाऱ्या सांध्यांना धीर दे, आणि आम्हाला वेळेआधी पोहोचणारे शेजारी कर. आमेन.