रिमास्टर विकत घेण्याआधी

रिमास्टर, म्हणजे जुन्या गेमची सुधारलेली आवृत्ती, निघाला की जुना गेम भंगारात, असं आमच्या दीपनगरच्या वसाहतीतली पोरं सहज बोलून जातात. मला ते अजिबात पटत नाही. ‘मास इफेक्ट’चे मूळ तिन्ही भाग आणि त्यांचा नवा संच ‘लेजंडरी एडिशन’, दोन्ही मी शेवटपर्यंत खेळलो आहे. औष्णिक वीज केंद्रातली शिफ्ट सांभाळून, रात्री जागून खेळलो. त्यातून कळलेलं सांगतो, म्हणजे पैसे मोजण्याआधी कुणाला तरी उपयोग होईल.

बायोवेअर या कंपनीने हे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली काढले. तिन्हींत नायक एकच, कमांडर शेपर्ड, आणि पहिल्या भागात आपण घेतलेला निर्णय तिसऱ्या भागात पुढ्यात येऊन उभा राहतो. व्हर्मायर ग्रहावर रेक्स नावाच्या सोबत्याची समजूत काढता आली नाही तर तो तिथेच जिवाला मुकतो आणि पुढची सगळी कथा त्याच्याविना चालते. म्हणून या गेममध्ये हे निर्णय साठवणाऱ्या सेव्ह फाइलला सोन्याचं मोल आहे. १४ मे २०२१ रोजी आलेल्या संचात तिन्ही भाग आणि पूर्वी वेगवेगळे मिळणारे चाळीसहून अधिक जोडभाग एकत्र आहेत.

नवा संच घेणाऱ्याला पहिला फटका बसतो तो नेमका सेव्ह फाइलचा. माझ्या भाच्याने जुन्या संगणकावरची त्याची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती. नवा संच आल्यावर ती काही केल्या उघडेना. “मामा, माझा शेपर्ड यात येतच नाही!” म्हणाला आणि हिरमुसून बसला. मूळ गेमच्या सेव्ह फाइल नव्या संचात चालत नाहीत. आपले निर्णय पुढे न्यायचे तर कथा पहिल्या भागापासून पुन्हा खेळावी लागते.

दुसरा फटका जागेचा आणि नेटचा. संगणकावर हा संच १२० जीबी जागा मागतो. ३० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी तो उतरायला नऊ तास लागतात. रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तर साठ दिवस. त्यामुळे आधी हार्ड डिस्क तपासा, मग पैसे भरा.

तिसरा फटका सगळ्यात वाईट. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला कुणीतरी हाच गेम अगदी स्वस्तात दिला. प्रत्यक्षात दिला होता तो दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड. काही दिवसांनी पासवर्ड बदलला, गेम गेला आणि विक्रेता फोन उचलेना. खातं आपल्या नावावर नसेल तर गेमही आपला नाही. थोडं थांबलात तर अधिकृत दुकानातही मोठी सवलत लागते.

आता जुन्या-नव्याची तुलना. सर्वांत जास्त बदलला तो पहिला भाग. मूळ गेममध्ये बंदुकीचं कौशल्य वाढवलं नसेल तर नेम धरताना निशाणीचं वर्तुळ डगमगायचं. मॅको ही गाडी डोंगरावर चेंडूसारखी उसळायची. नव्यात नेम सरळ लागतो आणि गाडी ताब्यात राहते. लिफ्टचा लांबलचक प्रवासही बटण दाबून टाळता येतो. पण ते बटण घाईने दाबू नका. लिफ्टमध्ये सोबती एकमेकांशी बोलतात, त्यांचे स्वभाव तिथे उलगडतात.

उजेडाचं मात्र मला खटकलं. पहिल्याच मोहिमेत, ईडन प्राइमवर, मूळ आकाश काळवंडलेलं, लालसर होतं. काहीतरी अभद्र घडून गेलंय हे शब्दाविना कळायचं. नव्या संचात तिथे ऊन पसरलं आहे. चित्र सुंदर झालं, धास्ती मात्र कमी झाली.

दुसरा भाग मुळातच घोटीव होता, त्यात फरक थोडा. तिसऱ्यात मित्रांसोबत ऑनलाइन खेळण्याचा विभाग पूर्ण काढून टाकला आहे. फायदा इतकाच की चांगल्या शेवटासाठी आता त्या विभागावर अवलंबून राहावं लागत नाही. पहिल्या भागाचा ‘पिनॅकल स्टेशन’ हा जोडभागही संचात नाही, कारण त्याचा मूळ कोड खराब झाला होता. निर्मात्यांच्या हातूनही जुनं असं निसटतं.

तुलना कशी करावी हे ‘डायब्लो २: रिझरेक्टेड’ने दाखवलं. त्यात एक कळ दाबली की २००० सालचं चित्र समोर येतं, पुन्हा दाबली की नवं. उलट ‘जीटीए’ या गेमच्या २०२१च्या संचाआधी त्याच्या कंपनीने जुने भाग डिजिटल दुकानांतून काढून घेतले. नव्या संचात इतक्या चुका निघाल्या की कंपनीला माफी मागून संगणकावरचे जुने भाग परत विक्रीला आणावे लागले.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. संचात काय वाढलं याच्याइतकंच काय वगळलं, ते वाचा. आपल्या संगणकाची रॅम आणि ग्राफिक्स कार्ड गेमच्या गरजांशी ताडून पाहा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला असेल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. तेव्हा त्या वेळातच तो नीट चालतो का बघा. आणि जुन्या डिस्क, जुन्या सेव्ह फाइल कुणाला देऊ नका, पुसूही नका.

‘मास इफेक्ट’ पहिल्यांदाच खेळणाऱ्याने बेलाशक नवा संच घ्यावा, पैसे वसूल होतात. ज्याच्याकडे मूळ तिन्ही भाग आहेत, त्याने सवलतीची वाट पाहावी. पण घरात जुना असेल तर तो राहू द्या. कथा तीच असली तरी ईडन प्राइमचं ते काळवंडलेलं आकाश फक्त जुन्यातच आहे.